नऊ चाळीसचा नकट्या

त्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग घाटमाथ्यावरच्या एअर फोर्सच्या एका स्टेशनवर होती. स्टेशनचं नाव लिहीत नाही. त्याची काही चूक नव्हती. रँक फ्लाइट लेफ्टनंट, काम एअर ट्रॅफिक कंट्रोलर.

हे काम आमच्या गावाला कधीच समजलं नाही. गाव कडाव, तालुका कर्जत. भात, दूध, चार दुकानं. मी मिल्ट्रीत आहे एवढं सगळ्यांना ठाऊक. रजेवर आलो की पारावर उलटतपासणी व्हायची.

"इमान चालवतोस?"

"नाही."

"बंदूक?"

"वर्षातून एकदा. पुठ्ठ्यावर."

"मंग करतोस काय रं?"

"विमानांना सांगतो, कुठून जायचं, किती उंचावरनं जायचं."

"मंजी ट्राफिक हवालदार!"

त्यानंतर वाद घालण्यात अर्थ नव्हता. हवालदारासारख्या चुकाही मी भरपूर केल्या. पहिल्याच महिन्यात रनवेच्या कडेला गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरला मी टेक-ऑफ क्लिअरन्स दिला. ट्रॅक्टरवाल्याकडे रेडिओ होता. तो सभ्यपणे म्हणाला, "रॉजर सर, पण हे उडत नाही." हा किस्सा मीच मेसमध्ये सांगितला. माझी फजिती दुसऱ्याने सांगण्याआधी मी सांगावी असा माझा नियम होता. सांगायचोही झकास. लोक खुर्च्या ओढून बसायचे. या गुणाचा मला फार अभिमान होता.

आता थोडं कामाचं. ढगात शिरलेल्या वैमानिकाला खालचा डोंगर दिसत नाही. म्हणून नकाशावर प्रत्येक भागासाठी एक उंची ठरलेली असते, मिनिमम सेफ अल्टिट्यूड. त्या भागातला सर्वात उंच डोंगर धरायचा, वर सुरक्षिततेची भर घालायची आणि त्याखाली ढगात कोणाला सोडायचं नाही. आमच्या स्टेशनहून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर ती साडेपाच हजार फूट होती. माझ्या टेबलावरच्या काचेखाली हा आकडा लाल अक्षरात लिहिलेला होता. घाट ओलांडून खालापूर मागे पडेपर्यंत साडेपाच हजार, मग खाली. नियम एवढाच. पाठ करायला दोन मिनिटं लागतात.

पण मी पडलो तिथलाच. त्या वाटेखाली जे होतं ते माझं गाव होतं. नकाशावर नुसता २४०० असा आकडा छापलेला डोंगर म्हणजे आमच्या गावामागचा नकट्या. त्याचा शेंडा नाक कापल्यासारखा सपाट, म्हणून नकट्या. गावात पावसाळ्यात कोणीही सकाळी बाहेर आलं की आधी नकट्याकडे बघतं. शेंडा दिसला तर खोरं मोकळं. नाही दिसला तर ढग टेकलेत, इरलं घ्या. याच अंदाजावर आमच्या पिढ्यान् पिढ्या शेतावर गेल्या.

तर मी काय केलं, टॉवरमधल्या सिव्हिल फोनवरून, म्हणजे बाहेरच्या साध्या लाइनवरून, घरी फोन लावायला लागलो. थोरला भाऊ, यशवंतदादा, तेव्हा म्हशी आणि शेती बघायचा.

"दादा, नकट्या दिसतोय का?"

"दिसतोय की. तुला कशापायी?"

"सरकारी काम आहे."

"सरकारला नकट्या कशापायी?"

नकट्या दिसला की मी कोकणात जाणाऱ्या विमानांना दहा मैल आधीच खाली सोडायचो. घाटावरच्या ढगात विमान फार हादरतं. लवकर उतरायला मिळालं की वैमानिक खूश. दोन पावसाळे हे चाललं. कधी काही झालं नाही. वैमानिक रेडिओवर मला "कडाव" म्हणायला लागले. मेसमध्ये मी माझ्या खासगी हवामान खात्याची नक्कल करायचो, एका हातात दुधाचं कॅन, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली. हशा व्हायचा. नियमाचं काय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यावरही एखादा विनोद केला असता.

त्या वाटेवर नेहमी जाणाऱ्या लोकांत सार्जंट प्रकाश कांबळे होते. फ्लाइट इंजिनिअर. गाव खालापूरजवळ, म्हणजे नकट्याच्या पलीकडच्या अंगाला. मला म्हणायचे, "सर, तुमी नकट्याचं तोंड बघून मोठे झाले, आमी पाठ." वयाने माझ्यापेक्षा मोठे. कधी आवाज चढला नाही त्यांचा. बायको सुनंदा आणि एक मुलगी, स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या.

तो दिवस जुलैतला. मी सकाळी सातला ड्युटीवर आलो. एक छोटं दोन इंजिनांचं वाहतुकीचं विमान किनाऱ्यावरच्या एका तळावर सुटे भाग घेऊन जाणार होतं. कॉलसाइन मैना टू-फोर. कॅप्टन स्क्वाड्रन लीडर रावत, को-पायलट फ्लाइंग ऑफिसर नायर, इंजिनिअर सार्जंट कांबळे. टेक-ऑफ ९.४५.

९.४० ला मी कडावला फोन केला. दादा भातलावणीत होता. वहिनीने बांधावरून फोन त्याच्या कानाला धरला.

"नकट्या?"

"दिसतोय रं. शेंडीसकट. हात चिखलात हायेत, ठेव आता."

९.४५ ला विमान निघालं नाही. इंजिन सुरू करायच्या बॅटरी ट्रॉलीने दगा दिला. दुसरी ट्रॉली येईपर्यंत वेळ गेला. मैना टू-फोर १०.०२ ला उडालं.

मधल्या वेळात मी टॉवरमधल्या दोन एअरमनना एक गोष्ट सांगायला घेतली होती. गोष्ट रंगात आली होती.

१०.०९ ला रेडिओवर रावतसाहेब.

"मैना टू-फोर, लेव्हल फाइव्ह थाउजंड फाइव्ह हंड्रेड, इन क्लाउड, हेवी टर्ब्युलन्स. रिक्वेस्ट अर्ली डिसेंट."

मी बटण दाबलं.

"मैना टू-फोर, डिसेंड टू थाउजंड फीट. व्हॅली रिपोर्टेड क्लिअर."

"डिसेंडिंग टू थाउजंड. मैना टू-फोर. थँक यू, कडाव."

मी गोष्टीकडे वळलो. १०.१३ ला रडारवरचा ठिपका गेला. डोंगराच्या आड त्या जागी तो नेहमीच जायचा, त्यामुळे मी मान वळवली नाही. १०.१४ च्या सुमारास गोष्टीचा शेवट आला आणि दोघं पोट धरून हसले.

१०.१७ ला मैनाने खालापूरचा रिपोर्ट द्यायला हवा होता.

"मैना टू-फोर, रिपोर्ट पोझिशन."

काही नाही.

"मैना टू-फोर, कंट्रोल. रेडिओ चेक."

मी सात वेळा बोलावलं. टेपवर सात आहेत. मला तीन आठवतात. मग सिव्हिल फोन वाजला. दादा होता. मागे बायकांचा कालवा ऐकू येत होता.

"बाळ्या, नकट्यावर कायतरी आदळलं. दिसत काय नाय. समदा ढग हाय."

"कधीपासून ढग आहे, दादा?"

"मंगाधरनं. अर्धा घंटा झाला आसंल."

कोकणातला ढग चहा उकळायच्या आत डोंगर गिळतो. हे मला वयाच्या पाचव्या वर्षी ठाऊक होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. टेप वाजवली गेली. माझा आवाज आला, "डिसेंड टू थाउजंड," आणि त्यामागे कोणीतरी दाबून हसत असल्याचा आवाज. अध्यक्षांनी टेप थांबवली.

"व्हॉट वॉज दॅट?"

"नथिंग, सर."

मग दोन अधिकारी जीप घेऊन कडावला गेले. सिव्हिल फोनचं रेकॉर्डिंग होत नसे, म्हणून दादाची साक्ष घ्यायची होती. दादाने त्यांना आधी विचारलं, माझ्या भावाचं काय होईल? दुभाष्या म्हणाला, तुमच्या सांगण्यावर आहे. दादाने क्षणभर विचार केला असावा. त्याने सांगितलं, "फोन दोनदा आला. एकदा नऊ चाळीसला, एकदा दहाच्या पुढे. दोन्ही वेळी मी दिसतोय म्हणालो. दुसऱ्या वेळी चुकलं असंल माझं, डोळे कमजोर झालेत."

ती साक्ष इंग्रजीत करून माझ्यासमोर वाचली गेली. दुसरा फोन झालाच नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "एनीथिंग टू ॲड?"

मी म्हणालो, "नो, सर."

आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेल्या माणसाला तेव्हा एवढंच सुचलं. नियम मोडल्याची शिक्षा मला झालीच, पण सौम्य. पुढची बढती उशिरा आली आणि मग थांबली. निवृत्त झालो तेव्हा स्क्वाड्रन लीडर होतो. दादाची साक्ष नसती तर कोर्ट मार्शल झालं असतं. दादाला वाटत राहिलं, त्याने भावाला वाचवलं. ते खरंच होतं. फाइलमध्ये काय लिहिलं गेलं ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

याला आता तेरा वर्षं झाली. मी कर्जतला राहतो. कांबळेंच्या सुनंदावहिनी खालापूरकडच्या गावी परतल्या, अंगणवाडीत लागल्या, मुलीला नर्स केलं. दरवर्षी त्या दिवशी त्या कडावला येतात. दादाच्या अंगणात चहा घेतात आणि दादा त्यांना नकट्यावर त्या जागेपर्यंत घेऊन जातो. वाट निसरडी आहे, तो पुढे कोयत्याने झुडपं तोडत जातो. निवृत्तीनंतर मीही अंगणापर्यंत जायला लागलो. वर गेलो नाही. गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे बरे आहेत.

या वर्षी त्या आल्या तेव्हा पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता.

"साहेब, आला बघा. किती अर्ज केले, तेव्हा चौकशीची ही दोन पानं धाडली. वाचून दाखवा."

मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता.

"तुमची मुलगी वाचेल की, वहिनी."

"तिला नाय दाखवायचं आधी. आणि मला बी इंग्रजी अगदीच येत नाय असं नाय. हे बघा, 'लोकल सिव्हिलियन' लिवलंय. एवढं कळलं. पुढचं सांगा."

दादा आतून चहाचे कप घेऊन आला आणि खांबाजवळ उभा राहिला.

मला इंग्रजी सफाईने फिरवता येतं. एका मिनिटात तीन सोयीची भाषांतरं डोक्यात तयार झाली. "स्थानिक सूत्र" हे त्यातलं एक. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जसंच्या तसं वाचलं. डोंगर दिसत असल्याची चुकीची माहिती एका स्थानिक नागरिकाने कंट्रोलरला दोन वेळा दिली. दुसरी वेळ विमान खाली सोडण्याच्या लगेच आधीची. कंट्रोलरची त्यामुळे दिशाभूल झाली.

वहिनींनी कागद परत घेतला आणि घडी घातली.

"गावच्या कुनी चुकीचं सांगितलं, एवढं तवाच कानावर आलतं. तेरा वर्सं मी या माणसाला मनात धरून हाय. कोन आसंल? बघितलंच नसंल त्यानं. नायतर पिऊन आसंल. साहेब, तुमाला तर नाव ठाव आसंल. फोन तुमालाच आलता ना?"

दादाने कप ओट्यावर ठेवले. एकही थेंब सांडला नाही.

"मी," तो म्हणाला.

"काय?"

"मीच तो. मीच सांगितलं, दोनदा. माझ्या डोळ्यांनी घात केला, ताई."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. तेरा वर्षं त्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला होता, त्याचा हात धरून ओढा ओलांडला होता.

"दादा, खोटं बोलू नकोस," मी म्हणालो.

"बाळ्या, गप रं."

"नाही गप बसत. एकदा बसलो ते पुरे झालं. वहिनी, फोन एकदाच झाला. मी केला होता. नऊ चाळीसला. तेव्हा नकट्या दिसत होता, दादाने खरं सांगितलं. मी विमान खाली सोडलं दहा नऊला. मधली एकोणतीस मिनिटं मी पुन्हा विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी सोडायचा हक्क मला नव्हता. साडेपाच हजाराच्या खाली नाही, हे माझ्यासमोर लाल अक्षरात होतं. दुसरा फोन दादाने मला वाचवायला बनवला, आणि मी तो बनू दिला."

दादा खाली बसला. त्याने बनवलेल्या फोनवर सगळा दोष टाकला गेला आणि मी तो टाकू दिला, हे त्याला आत्ता उमगत होतं. "मंजी कागदात माझं..." एवढं बोलून तो थांबला.

वहिनींनी आवाज चढवला नाही. कांबळेंच्या घरात कोणाचाच आवाज चढत नसे.

"एकोनतीस मिनिटं काय करत व्हता, साहेब?"

"गोष्ट सांगत होतो."

"कंची?"

"जाऊ द्या, वहिनी."

"कंची, ते सांगा."

मी सांगितली. शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट होती. पहिल्यांदाच हातवारे न करता, बसून सांगितली.

एकदा मला विमानातून फेरी मारायला नेलं होतं. मी फुशारकीने मिसळीच्या दोन प्लेट खाऊन गेलो. घाटावर विमान हादरलं आणि पिशवी सापडेना, म्हणून मी माझ्या कोऱ्या पीक कॅपमध्ये ओकलो. उतरलो तर समोर स्टेशन कमांडर. डोक्यावर काही नसताना सॅल्यूट करायचा नसतो. कॅप डोक्यावर घालणं शक्य नव्हतं. तेवढ्यात कांबळेंनी मागून स्वतःची बेरे, ती मऊ गोल टोपी, माझ्या डोक्यावर चढवली. ऑफिसरच्या डोक्यावर सार्जंटची टोपी. कमांडर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, कोणाचं डिमोशन झालंय, तुझं की टोपीचं? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर नवी कोरी कॅप. कांबळेंनी स्टोअर्सवाल्याला गंडवून आणली होती.

"इथे ते दोघं हसले," मी म्हणालो. "दहा चौदाला."

गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती.

"नवी नव्हती ती," वहिनी म्हणाल्या.

"कोण?"

"टोपी. स्टोअरातनं कोन देतंय? हे ती पेपरात गुंडाळून घरी घेऊन आले. मी धुतली. रिठ्यात दोनदा. आकार जाऊ नये म्हनून पातेल्यावर घातली आन पंख्याखाली ठेवली. मला म्हनाले, साहेबाला सांगू नको हां. लाजतील."

वहिनींनी गार झालेला कप उचलला, एका घोटात संपवला आणि दादाकडे दिला. "दादा, उठा. पाऊस येईल परत." दादा उठला. दोन पावलं गेल्यावर त्या मागे न बघता म्हणाल्या, "साहेब, तुमी बी चला."

दीड तास लागला. वाटेत दादा फक्त "इथं शेवाळ हाय" एवढं दोनदा म्हणाला. शेंड्याच्या थोडं खाली कातळाला एक खाच आहे. तेरा पावसाळ्यांनी तिच्यात शेवाळ भरलंय, पण कातळ तिथे वेगळा दिसतो. मी तो कधी बघितला नव्हता. वहिनींनी पिशवीतून तीन मेणबत्त्या काढल्या. दरवर्षी तिन्ही त्याच लावतात, दादाने नंतर सांगितलं. या वेळी एक दादाला दिली, एक मला.

"रावतसाहेबांची तुमी लावा. त्यांनी तुमाला थँक्यू म्हटलं व्हतं म्हनं."

त्यांना हे कुठून कळलं ते मी विचारलं नाही. वाऱ्यात चार काड्या गेल्या.

खाली आल्यावर मी एअर फोर्सला अर्ज लिहिला. साक्षीतला दुसरा फोन झाला नव्हता, यशवंतदादाचं नाव दोषातून काढावं, १०.०९ ची सूचना सर्वस्वी माझी होती. एक प्रत वहिनींना दिली, एक दादाला. दादाने ती वाचली नाही, पत्र्याच्या पेटीत टाकली. माझ्याशी तो आठवडाभर म्हशींपुरतंच बोलला. वहिनी प्रत नीट घडी करून घेऊन गेल्या. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर शिक्षेचंही येईल, आणि ते बरोबर असेल.

स्क्वाड्रन लीडर हेमंत रावत. फ्लाइंग ऑफिसर सुजित नायर. सार्जंट प्रकाश कांबळे.

त्यांच्या डोंगराची उंची दोन हजार चारशे फूट आहे. त्यांच्या कानात पडलेला शेवटचा आकडा माझा होता. दोन हजार.